स्वतःची युद्धकला घडवायची आहे? नागपुरात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपूरच्या महाल भागातल्या एका शाळेच्या हॉलमध्ये मी संध्याकाळी शिकवतो. लहानपणी आखाड्यातली कुस्ती, मग लाठी, कॉलेजात ज्युडो, आणि आता या तिन्हींतून जुळवत आणलेली आमची पद्धत. महिन्यातून एकदा तरी विशीतलं कुणीतरी क्लास सुटल्यावर चपला घालता घालता रेंगाळतं आणि हळूच म्हणतं, "सर, मला माझी स्वतःची स्टाईल काढायची आहे." असं म्हणायला धीर लागतो, म्हणून त्यांना मी कधी हसून वाटेला लावत नाही. त्यांना जे सांगतो तेच इथे लिहून ठेवलं आहे.

स्वतःची शैली खरंच काढता येते का? की ते जुन्या गुरूंचंच काम?

येते. जिगोरो कानो यांनी टोकियोत ज्युडो सुरू केला १८८२ साली, एका देवळातल्या बारा चटयांच्या जागेत. तेव्हा त्यांचं वय होतं एकवीस. सांबो या कुस्तीसारख्या प्रकाराला सोव्हिएत संघात खेळ म्हणून मान्यता मिळाली १९३८ मध्ये. तायक्वांदो हे नाव १९५५ चं, ब्रूस लीने जीत कुन दो हे नाव दिलं १९६७ मध्ये. हजार वर्षांच्या वाटणाऱ्या कितीतरी शैली आपल्या आजोबा-पणजोबांच्या वयाच्या आहेत.

पण यातला एकही माणूस कोऱ्या पाटीने बसला नव्हता. कानो आधी तेन्जिन शिन्यो-र्यू आणि कितो-र्यू या जुजुत्सूच्या, म्हणजे जुन्या जपानी झुंजकलेच्या, दोन घराण्यांत घाम गाळून आले होते. आयकिदो घडवणारे मोरिहेई उएशिबा दाइतो-र्यू हे जुजुत्सूचंच घराणं शिकले होते. ब्रूस लीच्या हातात यिप मान यांच्याकडची विंग चुन ही चिनी शैली होती. आधी कुणाचा तरी पठ्ठा व्हावं लागतं.

मी दोन वर्षं कराटे आणि सहा महिने बॉक्सिंग केलं आहे. आता सुरुवात करू का?

वही सुरू करा. क्लास सुरू करू नका.

वर्षांचा आकडा मी मुद्दाम देत नाही, कारण आठवड्यातून एकदा जाऊन दहा वर्षं काढणारेही असतात. माझी कसोटी वेगळी आहे. तुमच्याच वजनाचा, तुम्हाला न ओळखणारा, दुसऱ्या क्लासातला माणूस समोर असावा आणि त्याला हरायची अजिबात इच्छा नसावी. त्याच्यावर तुमचे दोन-तीन डाव पुन्हा पुन्हा लागतात का? लागत असतील तर तुम्हाला एक गोष्ट नीट येते. एक गोष्ट नीट येत असल्याशिवाय दुसरी कुठे कमी पडते ते कळत नाही.

मी एक नवीन डाव शोधला आहे. ही नवीन शैली झाली ना?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो आणि यावर मला सगळ्यांत जास्त बोलायचं असतं.

माणसाला दोन हात, दोन पाय, एक मान आणि ठरावीक दिशांना वळणारे सांधे. त्यातून नवं काही निघायला फार जागा नाही. आपल्या कुस्तीतली धोबीपछाड आणि ज्युडोतला सेओई नागे शेजारी ठेवून बघा. हात धरून वळणं, खाली बसणं, समोरच्याला पाठीवरून पुढे टाकणं, सगळं तेच. एकाने दुसऱ्याकडून उचललं असं म्हणायचं कारण नाही, शरीर तेच असल्यामुळे वाटही तीच सापडते.

कानोंनी मग वेगळं काय केलं? त्यांनी सराव बदलला. जुन्या घराण्यांतले पुष्कळ डाव इतके घातक होते की ते साथीदारावर पूर्ण जोराने करताच येत नसत, ठरवून हळूहळू करावे लागत. कानोंनी त्यांतले घातक डाव मोकळ्या सरावातून बाजूला काढले आणि उरलेले रोज, पूर्ण ताकदीने, विरोध करणाऱ्या माणसावर करायला लावले. त्या मोकळ्या झुंजीला ते रांदोरी म्हणत. सौम्य डाव रोज खरे खेळणारा माणूस घातक डाव नुसते पाठ केलेल्या माणसापेक्षा तयार होतो, हे त्यांना उमगलं होतं.

आपल्याकडचं उदाहरण याहून जवळचं आहे. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांब उभा केला. कुस्तीगिराला समोर जोडीदार नसतानाही पकड, पाय आणि कंबर घोटवता यावी म्हणून लाकडाचा खांब. त्यांनी कुस्तीला एक डाव दिला असता तर आज कुणाला आठवलाही नसता. सरावाचं साधन दिलं म्हणून दोनशे वर्षांनी पोरं त्या खांबावर चढत आहेत.

म्हणून मी विचारतो: तुमच्या शैलीत सोमवारी संध्याकाळी सहा ते साडेसात नक्की काय होतं? याचं उत्तर असेल तर शैली आहे. नसेल तर तुमच्याकडे डावांची यादी आहे.

मग सुरुवात कुठून करायची?

कुणाची, कोणती अडचण सोडवायची आहे, ते एका वाक्यात लिहा. "सगळ्या परिस्थितीत चालणारी शैली" असं लिहिलंत तर खोडा. आमचं पहिलं वाक्य होतं: "साठ किलोच्या आतल्या माणसाला जड माणसाने धरलं, तर सुटून उभं राहता यावं." एवढंच. त्या वाक्यात न बसणारे माझे आवडते डावही वहीतून गेले.

अडचण आपल्या गावची असावी. ज्युडोत जाड सुती पोशाखाची कॉलर धरून फेकायला शिकवतात. मे महिन्यात नागपुरात अंगावर असतो पातळ टी-शर्ट, तोही घामाने चिंब. कॉलर धरून ओढलं की शिवण उसवते आणि कपडा हातात येतो. कुस्तीत कपडाच नसतो, म्हणून पकड मनगटावर, मानेवर, काखेखालून. आम्ही ज्युडोचे पाय ठेवले आणि पकड आखाड्यातली घेतली. हा एक बदल बसवायला आम्हाला दीड वर्ष लागलं.

ब्रूस लीची गोष्टही अशीच आहे. १९६४ मध्ये अमेरिकेतल्या ओकलंडला वाँग जॅक मॅन या कुंग फू शिक्षकाशी त्याची झुंज झाली. ती त्याला वाटली होती त्यापेक्षा लांबली आणि त्याला दम लागला. तिथून तो आपलंच शिक्षण तपासायला लागला. अडचण अंगावर आली आणि मग शैली आली.

डाव चालतो की नाही हे कसं तपासायचं?

माझ्यावर बेतलेला प्रसंग सांगतो.

चाकूच्या वारावर मी एक डाव बसवला होता. पोटावर येणारा हात बाहेरून धरायचा, मनगट पिळायचं, कोपर खांद्याखाली घेऊन माणसाला खाली बसवायचं. दिसायला देखणा. दोन वर्षं मी तो शिकवला. एका संध्याकाळी इंजिनीअरिंगला असलेल्या एका मुलीने विचारलं, "सर, हे मला खरंच जमेल?" मी पांढरा बनियान घालून उभा राहिलो, तिच्या हातात टोपण काढलेला लाल स्केचपेन दिला आणि सांगितलं, "पाहिजे तसा वार कर, मला मदत करू नको."

सरावात जोडीदार देतो तसा लांब, सरळ, थांबलेला वार तिने दिलाच नाही. डाव्या हाताने तिने माझा बनियान छातीशी मुठीत धरला आणि उजव्या हाताने शिवणयंत्राच्या सुईसारखे बारीक बारीक टोचे मारत राहिली, प्रत्येक वेळी हात मागे घेत. वीस सेकंदांनी थांबलो. बनियानवर अकरा लाल खुणा होत्या, आणखी दोन मानेवर. मनगट एकदाच हाती लागलं, तेही निसटलं. "सर, लागलं तर नाही ना?" तिने घाबरून विचारलं. लागलं होतं ते वेगळ्या ठिकाणी. दोन वर्षं मी पोरांना जे दिलं त्यावर त्यांनी भरवसा ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांना बोलावून तो डाव काढून टाकल्याचं सांगितलं. आता आधी शिकवतो पळायला, मधे बॅग किंवा खुर्ची आणायला, आरडाओरडा करायला. मागे भिंत असेल आणि दुसरा मार्गच नसेल, तर दोन्ही हातांनी चाकूचा हात कवटाळून अंगाशी दाबायला. यातही खुणा पडतात, पण कमी पडतात.

बनियान आणि स्केचपेन मिळून खर्च शंभर रुपयांच्या आसपास. कोणताही चाकूचा डाव यातून गेल्याशिवाय शिकवू नका. रिकाम्या हाताच्या डावासाठी पायऱ्या अशा: आधी जोडीदार सहकार्य करतो, मग नुसता अंग ताठ करतो, मग सुटायचा प्रयत्न करतो, शेवटी स्वतःचाही डाव टाकतो. तिसऱ्या पायरीवर बरेच डाव गळतात. गळू द्या.

आणखी एक. आपले विद्यार्थी आपल्याला मान देतात आणि त्या मानापोटी पडतात. मी एकदा एकाला म्हटलं, "काऊन पडून राहिला बे? धक्का तर लागलाच नाही!" तो म्हणाला, "सर, तुमचा डाव आहे म्हणून पडलो." त्यामुळे तपासणीला दुसऱ्या आखाड्यातला माणूस बोलवा.

दोन-तीन कलांचं मिश्रण करताना काय बिघडतं?

उभं राहणं. कुस्तीगीर पुढे झुकून डोकं समोर ठेवून उभा राहतो, कारण त्याला पट काढायचा, म्हणजे वाकून पाय धरून पाडायचं, असतं आणि समोरून ठोसा येणार नसतो. त्याच पवित्र्यात बॉक्सरपुढे गेलात तर तोंड ताटात वाढून दिल्यासारखं होतं. उलट बॉक्सरसारखं उंच उभं राहिलात तर पाय सहज समोरच्याच्या पकडीत जातात. दोन्हींतले चांगले डाव उचलून एकाच वहीत लिहिले म्हणून ते एका शरीरात राहत नाहीत. आधी एकच उभं राहणं ठरवा, आणि त्यातून जे निघतं तेवढंच घ्या.

आपल्या मातीतल्या कलांमधून काय घेण्यासारखं आहे?

भरपूर, आणि ते हाकेच्या अंतरावर आहे. महाल-इतवारीकडे जुने आखाडे आहेत. अमरावतीत १९१४ पासूनचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहे; त्यांच्या चमूने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथे कबड्डीसारखे देशी खेळ करून दाखवले होते. कोल्हापूरकडे मर्दानी खेळ अजून जिवंत आहे: दांडपट्टा, बोथाटी (बोथट भाला), फरीगदगा (ढाल आणि काठी), विटा (दोरी लावलेला भाला).

मला लाठीने सगळ्यांत जास्त दिलं ते अंतराचं भान. शीर, तमाचा, बाहेरा हे वार नुसते घोटले तरी समोरच्याचं टोक कुठपर्यंत पोचतं हे डोळ्यांना कळायला लागतं, आणि रिकाम्या हातांनीही ते भान राहतं. आमच्या उस्तादांची लाठी मानवेल बांबूची होती, भरीव, जवसाचं तेल पिऊन तपकिरी झालेली. ती हातात दिली की आधी ते विचारायचे, "टोक कुठं आहे?" डोळे मिटून सांगावं लागायचं.

जोडीने ठोकाठोकी करायला मात्र बांबू घेऊ नका, वेत घ्या. बांबू फुटला की धारदार चिरफळ्या उडतात, वेताचे नुसते तंतू सुटतात.

आखाड्यातून आणखी एक घेतलं. लाल मातीत तेल, हळद, ताक, लिंबू घालून ती मऊ करतात आणि पठ्ठे रोज फावड्याने उकरतात. ते उकरणंही व्यायामच. आम्ही गाद्या पोरांकडूनच लावून-काढून घेतो.

काता किंवा ठरावीक क्रम हवेत का?

थोडे. एकट्याने घरी सराव करायला आणि विसरू नये म्हणून ते उपयोगी पडतात. ब्राझीलमध्ये मेस्त्रे बिंबांनी १९३२ मध्ये साल्वादोरला कापोएरा या नाचासारख्या झुंजकलेची शाळा काढली तेव्हा रस्त्यावरच्या खेळाला जोडीने करायचे ठरावीक क्रम दिले, त्यामुळे नव्या माणसाला शिकणं सोपं झालं. क्रम जोडीचा असेल तर उत्तम.

पट्टे द्यावेत का? आणि संस्थापक म्हणून मी कोणता पट्टा बांधू?

पट्ट्यांनी लहान मुलांना हुरूप येतो, द्यायला हरकत नाही. कानोंनी पहिले दोन 'दान' (तयार खेळाडूंच्या वरच्या श्रेणी) १८८३ मध्ये आपल्या दोन शिष्यांना दिले. रंगीत पट्ट्यांची रांग नंतर युरोपात रूढ झाली. म्हणजे हा काही ऋषिमुनींचा नियम नाही.

स्वतःला दहावा दान देऊ नका. तुम्ही दुसऱ्या कलेत जो पट्टा कमावला तोच बांधा, किंवा काहीच बांधू नका. दर तीन महिन्यांनी परीक्षा आणि दर परीक्षेला फी, असं गणित सुरू झालं की परीक्षेत कुणी नापास होत नाही. मी स्वतः एका क्लासात असा एक पट्टा घेतला होता, ज्या दिवशी मला साधी पडणी येत नव्हती. तो अजून कपाटात आहे, बांधावासा वाटला नाही.

"शिवकालीन गुप्त विद्या" असं म्हटलं तर लोक येतील ना?

येतील. म्हणू नका. ज्या मावळ्यांच्या नावाने आपण मान उंच करतो त्यांच्या नावावर गेल्या वर्षी सुचलेला डाव खपवणं मला सहन होत नाही. "मी हे अमुककडून शिकलो, तमुककडून शिकलो, आणि हे एवढं माझं" असं फलकावर लिहा. उस्तादांचं नाव घेण्यात कमीपणा नाही. उलट विचारणारे पालक त्यावरच विश्वास ठेवतात.

नावाची नोंदणी, पेटंट, कॉपीराइट यांचं काय?

डावाचं पेटंट मिळत नाही. पेटंट कायदा १९७० च्या कलम ३ मध्ये खेळ खेळण्याची पद्धत शोध म्हणून धरलेली नाही. डावावर कॉपीराइटही नाही, मात्र तुम्ही लिहिलेलं पुस्तक किंवा काढलेला व्हिडिओ तुमचा असतो. नाव आणि चिन्ह ट्रेडमार्क म्हणून नोंदवता येतं. शिक्षण-प्रशिक्षणासाठी वर्ग ४१, व्यक्तीसाठी ऑनलाइन शुल्क एका वर्गाला ४५०० रुपये, आणि नोंदणी १० वर्षांची, पुढे नूतनीकरण. संस्था काढायची तर १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली किमान सात माणसं लागतात. पहिल्या दोन वर्षांत यातलं काहीही लागत नाही.

मुलाला प्रमाणपत्राचे गुण मिळतील का? नोकरीत आरक्षण?

पालक हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारतात आणि मी पहिल्याच दिवशी नाही म्हणतो. राज्यात खेळाडूंसाठी शासकीय नोकरीत ५ टक्के आरक्षण आहे, पण ते मान्य खेळांच्या ठरावीक स्पर्धांतल्या कामगिरीसाठी. घरच्या शैलीचं प्रमाणपत्र तिथे कागद आहे. गुण हवे असतील तर मुलाला ज्युडो, कुस्ती, बॉक्सिंग, मल्लखांब यांत घाला, आमच्याकडे शनिवारी पाठवा. आमची तीन मुलं असंच करतात.

सरावात कुणाला लागलं तर? आणि खरंच कुणाला मारलं तर?

भारतीय न्याय संहितेच्या कलम २५ मध्ये याचंच उदाहरण दिलेलं आहे: दोघे करमणुकीसाठी पट्टेबाजीचा खेळ खेळायला राजी झाले आणि नियमाने खेळताना एकाला लागलं, तर तो गुन्हा नाही. अट अशी की दोघे १८ वर्षांवरचे असावेत आणि मृत्यू किंवा गंभीर इजा करण्याचा हेतू नसावा. लहान मुलांसाठी पालकांची लेखी संमती घ्याच, पण तिच्या आधारावर बेफिकीर राहू नका.

स्वसंरक्षणाचा हक्क कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. बचावापुरती लागेल त्यापेक्षा जास्त इजा करता येत नाही. समोरचा खाली पडला, पळायला लागला, तिथे तुमचा हक्कही थांबला. हे मी डावाबरोबरच शिकवतो: सोडवा, मागे व्हा, निघा. पडलेल्याला लाथ मारण्याचा सराव आमच्याकडे नाही.

शस्त्रं सरावाला लाकडाची किंवा बोथटच ठेवा. मिरवणुकीत प्रात्यक्षिक असेल तर आधी पोलीस ठाण्यात विचारा.

सुरक्षिततेसाठी किमान काय लागतं?

फेकाफेकीसाठी ४० मिलिमीटर जाडीच्या गाद्या. २० च्या गाद्या ठोसे-लाथांना ठीक, पाठीवर पडायला नाहीत. ज्याचा त्याचा माउथगार्ड. पहिला महिना फक्त पडायला शिकणं, हनुवटी छातीला. मुलांच्या डोक्यावर ठोसा अजिबात नाही, यावर माझ्याशी वाद घालू नका.

डोक्याला लागून गरगरलं, उलटी झाली, दोनदा तेच विचारायला लागला, की सराव बंद आणि डॉक्टर. "ठीक आहे सर" हे त्याचं उत्तर धरायचं नाही. डॉक्टर हो म्हणेपर्यंत तो गादीवर येत नाही, हवं तर बाहेर बसून बघेल. गळा दाबण्याच्या डावात माणूस दहा सेकंदांच्या आत शुद्ध हरपू शकतो, म्हणून त्याने हार मानल्याची थाप मारताक्षणी सोडायचं.

नागपूरच्या उन्हाळ्यात सराव कसा चालवता?

एप्रिलपासून सकाळी साडेपाचला, सातच्या आत बंद. पारा ४५ च्या वर जातो तेव्हा संध्याकाळी सातलाही पत्र्याखालचा हॉल भट्टीसारखा असतो. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, झुंज नाही, फक्त पवित्रा, अंतर आणि वहीचं काम. ओआरएस जवळ ठेवा. घाम थांबून अंग तापलेलं दिसलं, बोलणं बरळल्यासारखं झालं, तर सावलीत घ्या, ओल्या कपड्याने गार करा आणि लगेच दवाखान्यात न्या.

मी गेल्यावर शैली टिकेल का?

बार्टन-राइट नावाच्या गृहस्थांनी १८९८ च्या सुमारास लंडनमध्ये जुजुत्सू, बॉक्सिंग, लाथाबुक्की आणि काठी एकत्र करून बार्टित्सू काढली. कल्पना काळाच्या पुढची होती. पण १९०२ पर्यंत त्यांची शाळा बंद पडली आणि पुढे चालवणारे शिक्षक मागे उरले नाहीत. तेव्हा माझं म्हणणं एवढंच, की तिसऱ्या वर्षापासून आठवड्यातला एक दिवस विद्यार्थ्याला शिकवू द्या आणि तुम्ही मागे बसा. तो तुमचा डाव थोडा बदलेल. बदलू द्या, मग स्केचपेन काढा.

तुमच्या शैलीचं नाव काय?

अजून नाही. पोरं "महालचा क्लास" म्हणतात.

सराव बघायला येता येईल का?

या. बघायला आलात तरी गादीवर उतरावंसं वाटेल, म्हणून नखं कापून या आणि एक जुना पांढरा बनियान सोबत ठेवा.